लेकीचं गाणं घरात रुजवताना

गोव्यात एखादं मूल जरा गुणगुणायला लागलं की घरात केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर या गोव्यातल्या मोठ्या गायकांची नावं निघतात. आम्ही फोंडा तालुक्यातले, केसरबाईंचं केरी आणि दीनानाथांचं मंगेशी दोन्ही जवळ, त्यामुळे आमच्याकडे तर लेक पोटात असतानाच ती नावं निघाली. बाळ हुशार होतं म्हणून कुणी मोबाइलवर मोझार्टचं पाश्चात्त्य संगीत पाठवलं, कुणी पोटाला हेडफोन लावायचा सल्ला दिला. मी थोडं वाचलं. मोझार्टवरचा तो गाजलेला प्रयोग १९९३ सालचा. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला होता आणि परिणाम टिकला जेमतेम १५ मिनिटं. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. पोटातलं बाळ शेवटच्या महिन्यांत बाहेरचे आवाज ऐकतं आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखतं, हे मात्र नीट तपासलेलं आहे. म्हणून हेडफोन नको म्हटलं आणि मीच गायला लागले. मी गाणं शिकलेली नाही, पण बाळाला शिकलेला गळा लागत नाही, ओळखीचा लागतो.

जन्मानंतर सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घेतली. बाळ झोपलेलं असताना कानात बारीक यंत्र ठेवतात, दुखत नाही. कुणी आपणहून सांगितलं नाही तर इस्पितळात स्वतः विचारा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिले महिने खरे सासूबाईंचे. तेल लावताना एक ओवी, न्हाऊ घालताना दुसरी, पाळण्यात तिसरी, आणि रोज तीच. काही आठवड्यांतच न्हाणीची ओवी सुरू झाली की पाणी अंगावर पडायच्या आधीच लेक पाय झाडायला लागायची. शेजारणी म्हणायच्या, रोज तेच तेच काय, नवीन काहीतरी ऐकवा. मी सासूबाईंच्या बाजूची. पुढे काय येणार हे बाळाला ठाऊक असतं, म्हणून तर ते कान देऊन ऐकतं. शिवाय किरकिरणारं बाळ नुसत्या बोलण्यापेक्षा गाण्याने जास्त वेळ शांत राहतं, हे आम्ही रोज संध्याकाळी बघत होतो.

सासरे गावच्या भजनात पखवाज वाजवतात. ते तिला मांडीवर घेऊन भजनी ठेक्यावर हलवायचे, तोंडाने बोल चालू. २००५ साली कॅनडात झालेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवला. त्यात कुठेच जोर दिलेला नव्हता. काहींना दर दुसऱ्या मात्रेला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्या बाळाला जसं झुलवलं होतं, तसा जोर असलेला ताल ते जास्त वेळ ऐकत राहिलं. म्हणजे ताल कानाइतकाच अंगातून शिरतो. सहा महिन्यांच्या बाळाला परक्या मुलखातले विषम, म्हणजे मात्रांचे गट सारखे नसलेले तालही कळतात, वर्षाचं होईपर्यंत कान घरच्या तालांकडे झुकतो, असंही दिसून आलंय. हे ऐकल्यावर सासऱ्यांनी सहा मात्रांचा दादरा घेतला, मग सात मात्रांचा रूपक. लयीचे जाणकार तबलावादक खाप्रूमामा पर्वतकर यांच्या गोव्यात बाळाला सातचा ताल परका का राहावा?

गणेश चवथीला मात्र मी अडून बसले. आरतीला घुमट हे कातडं लावलेलं मातीचं वाद्य, शामेळ हा ढोल आणि कांसाळे म्हणजे झांजा एका खोलीत सुरू झाल्या की मोठ्यांचेही कान भरतात. लेकीला घेऊन मी बाहेर सोप्यावर बसले. ‘सवय होऊ दे’ असं बरेच जण म्हणाले. कानाला अशी सवय होत नसते, नुसती इजा होते. तिथून आरती स्पष्ट ऐकू येत होती आणि ती मजेत डोलत होती. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांच्या मिरवणुकीतही आम्ही लांबच उभे राहतो. तीन वर्षांची झाली तेव्हा घुमट हातात दिलं, एकटं, मांडीवर. मातीचं भांडं असल्यामुळे मोठं माणूस जवळ हवंच. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, त्यावर बंदी आली आणि आता बकऱ्याचं असतं. सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकलं-उघडलं की आवाज बदलतो, हे तिचं तिलाच सापडलं आणि संपूर्ण दुपार त्यात गेली.

बाकी वाद्यं घरचीच: दोन करवंट्या, वाटी-चमचा, तांदूळ घातलेली बाटली. बाटलीचं झाकण चिकटवून टाका, नाहीतर तांदूळ तोंडात जातात. मोबाइलवरची बालगीतं पहिली दोन वर्षं लावलीच नाहीत. पडदा थांबत नाही आणि बाळाला उत्तरही देत नाही. दीड वर्षाची असताना मी ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबायचे, मग ती तो पुरा करायची, आधी नुसता स्वर, पुढे शब्द. एक गोष्ट बायांनो, ध्यानात ठेवा: आपण सवयीने खालच्या पट्टीत गातो, मुलांचा गळा तिथे पोचत नाही. मी पट्टी चढवली तशी लेक माझ्यासोबत गायला लागली. तिने मान फिरवली की गाणं बंद, त्यात आग्रह नाही.

चौथ्या वर्षी एक क्लास बघून आले. एवढीएवढी मुलं तासभर मांडी घालून सा-रे-ग-मचे अलंकार घोकत होती, दोघी रडवेल्या झालेल्या. मला ते पटलं नाही. या वयात सूर सरकतोच, सात-आठ वर्षांपर्यंत तो हळूहळू बसत जातो. लेक अजून अंतऱ्यात भलतीकडे जाते, तेव्हा मी दुरुस्त करत नाही, माझी ओळ नीट गाते. तिने स्वतः शिकायचं म्हटलं तर सहा-सात वर्षांची झाल्यावर बघू. सध्या तिला सासऱ्यांबरोबर एकादशीच्या भजनाला जायचं असतं, तेवढं आम्ही चुकवत नाही.