पोर्की मराठीत अडखळतो तेव्हा : हाताने ॲनिमेशन शिकायचा माझा अनुभव

‘द डे द अर्थ ब्ल्यू अप’ हा लूनी ट्यून्सचा, म्हणजे बग्ज बनीवाल्या जुन्या अमेरिकन कार्टून मालिकेचा, पिक्चर मार्च २०२५ मध्ये इकडे अमेरिकेत थिएटरला लागला तेव्हा आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि आठ वर्षांच्या लेकीने, लॉस एंजेलिसमध्ये बघितला. दीड तासाचा पिक्चर, अख्खा हाताने काढलेला, आणि हिरो कोण तर डॅफी डक हे बदक आणि पोर्की पिग हे अडखळत बोलणारं डुक्कर. बग्ज बनी नाही, मधेच येणारी खरी माणसं नाहीत. ‘स्पेस जॅम’चे दोन्ही भाग आणि २००३ चा ‘बॅक इन ॲक्शन’ यांच्यात कार्टून आणि खरे ॲक्टर्स एकत्र होते, आणि त्याच्याही आधी जे मोठे पिक्चर आले ते बरेचसे जुन्या शॉर्ट्स, म्हणजे छोट्या फिल्म्स, एकमेकांना जोडून केलेले. त्यामुळे पूर्ण ॲनिमेटेड, गोष्टही नवीन आणि थिएटरला आलेला असा लूनी ट्यून्सचा हा पहिलाच. पोर्की १९३५ चा, डॅफी १९३७ चा. इतकी वर्षं लागली याला!

गोष्ट साधीच आहे. दोघांच्या घराच्या छपराला भोक पडतं, दुरुस्तीला पैसे हवेत म्हणून दोघं बबलगमच्या फॅक्टरीत कामाला लागतात आणि तिथे कळतं की कोणी परग्रहवाला या गममधून लोकांच्या डोक्याचा ताबा घेतोय. पीटर ब्राउनगार्ट हा डायरेक्टर, याच माणसाने आधी २०२० पासून लूनी ट्यून्सच्या नवीन छोट्या फिल्म्स केल्या होत्या. डॅफी आणि पोर्की दोघांचाही आवाज एकट्या एरिक बाउझाचा, म्हणजे दोघं भांडतात तेव्हा तो स्वतःशीच भांडतोय, आणि हे पिक्चर बघताना एकदाही जाणवत नाही. लेखक म्हणून दहाच्या वर नावं आहेत, कारण असल्या कार्टूनमधले जोक कागदावर शब्दांत कमी आणि स्टोरीबोर्डवर, म्हणजे सीनच्या कच्च्या चित्रांच्या मांडणीत, जास्त लिहिले जातात.

तर बघून आल्यावर माझ्या डोक्यात एकच घोळत राहिलं की हे करतात कसं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, चित्रकलेशी संबंध म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा. पण सांगलीत आमच्याकडे केबल आली तेव्हापासून कार्टून नेटवर्कवर हीच मंडळी बघत मोठी झालेय, भाषा फारशी कळायची नाही पण हसू यायचं, आणि ते का यायचं याचं कुतूहल तेव्हापासूनच असणार. जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये संध्याकाळचा हँड-ड्रॉन ॲनिमेशनचा क्लास होता, त्याला नाव घातलं. आता हाताने म्हटलं तरी स्टुडिओत बहुतेक काम टॅबलेटवर स्क्रीनवरच काढून होतं, कागद जवळजवळ गेलाच, पण आमच्या टीचर नव्वदच्या दशकात स्टुडिओत क्लीन-अपचं, म्हणजे कच्ची चित्रं स्वच्छ पक्की करायचं, काम केलेल्या, त्यांचा नियम होता की पहिली टर्म कागदच. आता वाटतं बरं झालं.

सामान थोडंच लागतं. लाइटबॉक्स म्हणजे खालून दिवा असलेली काच, तिच्यावर पेगबार, म्हणजे एक पट्टी जिच्यावर मधे एक गोल खुंटी आणि दोन बाजूंना दोन चपट्या. कागदांना तशीच भोकं पाडलेली असतात, त्यामुळे कुठलाही कागद काढला घातला तरी चित्र जागचं हलत नाही. या खुंट्यांच्या मापाला ॲक्मे म्हणतात, आणि लूनी ट्यून्समधला कोयोटी ज्या कंपनीकडून रॉकेट मागवतो तिचं नावही ॲक्मेच, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो मी घरी येऊन सगळ्यांना सांगितला. मग निळी पेन्सिल कच्च्यासाठी, काळी पक्क्यासाठी, आणि एक छापील तक्ता, एक्सपोजर शीट, ज्यावर कुठलं चित्र किती फ्रेम ठेवायचं ते लिहायचं.

पहिले काही आठवडे नुसतं बोटांचं काम. पाच कागद पेगवर, डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत एकेक कागद धरायचा आणि खालीवर उलटत राहायचं, म्हणजे चेंडू खाली येतोय, चपटा होतोय, उडतोय हे तिथल्या तिथे हलताना दिसतं. हे जमेपर्यंत माझी करंगळी दुखायची. पण एकदा जमलं की मग चित्र काढताना हात आपोआप मागचा कागद उलटून बघतो, आणि तेव्हा कळतं की आपण एक चित्र काढत नसतो, दोन चित्रांमधलं अंतर काढत असतो. अंतर कमी ठेवलं की हालचाल हळू, जास्त ठेवलं की जोरात. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरायचं म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, आणि फार वेगाची जागा असेल तिथे प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र. आता ९१ मिनिटांच्या पिक्चरचा हिशोब करा, सव्वा लाखाच्या वर फ्रेम होतात, आणि हा हिशोब कळल्यावर मी घरी पुन्हा क्रेडिट्स बघायला बसले तर ती नावं मला पहिल्यांदा नीट वाचावीशी वाटली.

टर्मच्या शेवटचं काम होतं दहा सेकंदांचा सीन, दोन कॅरेक्टर, आवाजासकट, फक्त शिकण्यापुरता. जुनी प्रसिद्ध कॅरेक्टर घेतली तरी चालतील, टीचर म्हणाल्या, उलट घ्याच, म्हणजे चुकलं की लगेच कळेल. मी डॅफी आणि पोर्की घेतले. सीन असा ठरवला की टेबलावर लोणच्याची बरणी आहे, पोर्की सांगतोय उघडू नको, डॅफी उघडतो, मिरचीचं लोणचं तोंडात टाकतो आणि मग त्याचं काय होतं ते.

सगळ्यात अवघड गेला तो डॅफी. मॉडेल शीट, म्हणजे कॅरेक्टर कसं दिसतं त्याचा नमुना, समोर ठेवून काढला की चोच, गळ्याची पांढरी रिंग, पाय सगळं बरोबर यायचं आणि तरीही कागदावर तो नसायचाच. टीचर प्रत्येक ‘की ड्रॉइंग’वर, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रावर, बोट ठेवून एवढंच विचारायच्या की आत्ता हा काय विचार करतोय. मग मी जुन्या फिल्म्स एकेक फ्रेम थांबवून बघायला लागले. डायरेक्टर टेक्स एव्हरीच्या १९३७ च्या ‘पोर्कीज डक हंट’मधला पहिला डॅफी, पाण्यावरून उड्या मारत ओरडत जाणारा, त्याला कशाचंच काही पडलेलं नाही, आणि तो निघून जातो ती जागा काढली होती बॉब क्लॅम्पेटने, जो पुढे स्वतः डायरेक्टर झाला. नंतर पन्नासच्या दशकात चक जोन्स या डायरेक्टरकडे आल्यावर तोच डॅफी हावरट, मत्सरी, सतत आपल्यावर अन्याय होतोय असं वाटणारा. दिसायला थोडाफार तोच पण विचार करायची पद्धत पूर्ण वेगळी, त्यामुळे उभं राहणं वेगळं, मान वेगळी. नव्या पिक्चरवाल्यांनी त्याला परत त्या आधीच्या वेडेपणाकडे नेलंय आणि माझ्या मते तोच निर्णय अख्ख्या पिक्चरला तारतो, कारण पोर्की सरळमार्गी, घाबरट, नियम पाळणारा, त्याच्याशेजारी हावरट डॅफी ठेवला असता तर नुसती भांडणं झाली असती. वेडा डॅफी ठेवला की पोर्कीला त्याची काळजी वाटते, आणि काळजी करणारा माणूस जास्त मजेशीर असतो. जुनं कॅरेक्टर परत आणायचं म्हणजे माझ्यासाठी आता हेच. त्याची चोच जुळवून भागत नाही, तो बरणी दिसल्यावर आधी काय करेल हे आपल्याला न विचारता कळायला हवं.

हे डोक्यात बसल्यावर डॅफी बरणीकडे बघतच नाही, पोर्कीकडे बघत बघत हात पुढे करतो असं काढलं. टीचर पहिल्यांदा हसल्या.

मग आवाज. पोर्कीचा डायलॉग मी मराठीत ठेवला: “ब-ब-बरणी... ब-ब-बर... ड-डबा उघडू नकोस रे!” नवऱ्याने फोनवर रेकॉर्ड करून दिला. पोर्कीची खुबी हीच आहे की तो एका शब्दावर अडकतो, झगडतो, आणि शेवटी दुसराच शब्द काढून वाक्य पूर्ण करतो. सुरुवातीला त्याला आवाज देणारे जो डोहर्टी यांना खरंच अडखळायचा त्रास होता आणि ते त्यांच्या हातात नसल्याने रेकॉर्डिंग फार लांबायचं, म्हणून १९३७ मध्ये मेल ब्लँक आले आणि त्यांनी त्या अडखळण्याला एक ताल दिला. माझ्या मामालाही बोलताना असं होतं. तोही ऐनवेळी शब्द बदलतो, लहानपणापासून बघितलंय मी, त्यात केवढी हुशारी लागते तेही माहितीये. म्हणून मला हा सीन अडखळण्यावर हसण्यासाठी नको होता, पोर्कीला दुसरा शब्द सापडतो त्या क्षणाची मजा हवी होती. त्यामुळे “डबा” म्हणताना मी त्याच्या भुवया वर नेल्या आणि मान जराशी उंच केली, सापडला एकदाचा! तीन चित्रांचं काम आहे ते, पण माझ्या अख्ख्या सीनमधलं सगळ्यात आवडतं.

एक्सपोजर शीटवर डायलॉग फ्रेमनुसार फोडून लिहायचा असतो, कुठल्या फ्रेमला कुठला आवाज, म्हणजे त्याप्रमाणे तोंड काढता येतं. बाकीचे इंग्लिशमध्ये लिहीत होते आणि स्पेलिंग आणि उच्चार यांच्यात गोंधळत होते. मी सरळ देवनागरीत लिहिलं, आणि काम इतकं सोपं झालं की काय सांगू, कारण आपली बाराखडी आणि वर्णमाला तोंडाच्या हिशोबानेच लावलेली आहे. प, फ, ब, भ, म आलं की ओठ मिटलेले, किमान दोन फ्रेम मिटलेले ठेवायचेच नाहीतर आवाज आणि तोंड जुळत नाही. आ आला की तोंड उघडं, उ आला की चंबू, ड आणि ण आतल्या आत, तिथे बाहेर फार काही दिसत नाही. टीचरना तो तक्ता दाखवला तर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि वर्णमालेतले सगळे वर्ग समजावून सांगायला लावले, क्लास संपून गेला तरी आम्ही क, च, ट, त, प करत बसलो होतो.

डॅफीला तिखट लागतं तो टेक मात्र फार वेळ खाऊन गेला. टेक म्हणजे धक्का बसल्याची ॲक्शन. आधी सगळं अंग खाली दाबायचं, डोळे मिटून, मग एकदम वर ताणायचं, मग हळूहळू मूळ आकारावर आणायचं. मधे एक स्मीअर घातला, म्हणजे वेगाच्या जागी एकाच चित्रात चोच इकडपासून तिकडपर्यंत खेचलेली, थांबवून बघितलं तर भयानक दिसतं पण चालू असताना डोळ्याला फक्त झपकन गेल्याचं कळतं. हे चक जोन्सच्या १९४२ च्या ‘द डोव्हर बॉइज’मध्ये भरपूर बघायला मिळतं, शिकायचं असेल तर तिथूनच शिका. माझी चित्रं नीट होती, तरी लाइन टेस्ट केली, म्हणजे नुसत्या रेघांची चित्रं चालवून बघितली, की हसू येत नव्हतं. तिथे टीचरनी एक सुचवलं, चित्राला हात लावू नको, लोणचं गिळल्यावर डॅफीला एक सेकंद काहीही करू देऊ नको. नुसतं थांबू दे. तेच चित्र धरून ठेवलं, एक्सपोजर शीटवर उभी रेघ ओढली, २४ फ्रेम, आणि पुन्हा चालवलं तर शेजारच्या टेबलावरचा मुलगा मोठ्याने हसला. एकही नवीन चित्र न काढता! विनोद त्या थांबण्यात होता. पिक्चर परत बघितला तेव्हा अशा थांबलेल्या जागा मला सगळीकडे दिसायला लागल्या, आणि फार्मर जिम, ज्याने दोघांना वाढवलं, तो तर जवळजवळ रंगवलेल्या चित्रासारखा स्थिरच ठेवलाय, त्याचं न हलणं हाच जोक.

शेवटच्या क्लासला सगळ्यांचे सीन लावले. मराठी कळणारी मी एकटीच, पण “डबा”वर लोक हसले, अगदी त्या भुवया वर गेल्या तिथेच. मला फार बरं वाटलं.

आईला सांगलीला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचा फोन आला, “छान झालंय गं, तो डुक्कर अगदी गुणी आहे, पण बरणीला दादरा कुठाय? लोणच्याची बरणी अशी उघडी ठेवतं का कोणी?” आणि ती म्हणाली ते शंभर टक्के बरोबर आहे, फडकं आणि वर सुतळीची गाठ नसेल तर ती लोणच्याची बरणीच नव्हे. शिवाय गाठ असली तर डॅफीला ती सोडावी लागेल, म्हणजे पोर्कीला घाबरायला आणखी वेळ, आणि डॅफी काही गाठ शहाण्यासारखी सोडणार नाही, तो सुतळी चोचीत धरून बरणीभोवती पळेल. टीचरना मेल केला, त्या म्हणाल्या लगेच कर. त्यामुळे सीन आता दहाचा चौदा सेकंदांचा होतोय, बरणी जिथे जिथे आहे तिथे फडकं वाढवायचं काम लेकीने मागून घेतलंय, आणि पळण्याच्या जागी मी सध्या शीटवर १६ फ्रेम लिहून ठेवल्यात, लाइन टेस्टनंतर बघू, मला वाटतं १२ वर येईल.