आगोट, 1886

काल आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याआधी करायच्या बेगमीचं, सामान भरून झालं एकदाचं. मिरच्या डब्यात गेल्या, आमसुलं बरणीत, सुके बांगडे आणि सोडे माळ्यावर, फणसाची साठं तेवढी अजून गच्चीत ऊन खातायत. संध्याकाळी पाय मोकळे करायला थिबा पॉइंटला गेले आणि खाली भाट्याची खाडी बघत बसले. राजिवड्याकडे होड्या वर ओढून ठेवायला सुरुवात झालीय. मे संपत आला की मला दरवर्षी न चुकता 1886 साल आठवतं, म्हणजे माझा काय संबंध, पण या रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ते साल घरातल्या एखाद्या जुन्या गोष्टीसारखंच वाटतं. आज लिहूनच काढते.

पंचांगाने मोजलं तर ते शके 1808. पाडवा होऊन दहा-बारा दिवस झालेले, रामनवमी नुकती झालेली, हनुमान जयंती तोंडावर, आणि एप्रिलच्या मध्यात गावासमोर एक सरकारी बोट येऊन उभी राहिली. बोटीत ब्रह्मदेशाचा राजा थिबा, वय वर्षं 27, त्याची राणी सुपयालत, तीन लहान मुली आणि बरोबरची माणसं. पाचच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर 1885 मध्ये, इंग्रजांनी त्याला मंडालेच्या राजवाड्यातून उचललं, आधी मद्रासला ठेवलं आणि मग आमच्या गावात आणून सोडलं. आमचंच गाव का? तर इथे सहजासहजी येता येत नव्हतं म्हणून. रेल्वे नाही, घाट उतरून यायचं तर दिवसच्या दिवस जाणार, आणि समुद्रावर सरकारचं लक्ष. (कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला 26 जानेवारी 1998 उजाडलं, म्हणजे थिबा आला त्यानंतर शंभरावर वर्षांनी.)

सगळे राजाबद्दल बोलतात, मला मात्र सुपयालतचं जास्त वाटतं. तिची तिसरी मुलगी 7 मार्चला मद्रासला झाली. म्हणजे बाळंतिणीचा सव्वा महिना पुरा होतो न होतो तोच ती ओली बाळंतीण तान्हं घेऊन अख्ख्या दक्षिण टोकाला वळसा घालून इथे उतरली. आपल्याकडे सव्वा महिना बाईला गार वारा लागू देत नाहीत, कानाला फडकं बांधून ठेवतात. माझ्या वेळी आजीने खोलीची खिडकीसुद्धा उघडू दिली नव्हती. आणि ही चैत्रातल्या उन्हात, ज्या गावाची भाषा कळत नाही त्या गावात, टेकडीवरच्या बंगल्यात राहायला गेली. आज आपण बघतो तो लाल राजवाडा तेव्हा नव्हता, तो 1910 मध्ये झाला, तोपर्यंत चोवीस वर्षं ते लोक साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यांतच राहिले.

पण गावाचं वर्ष काही राजासाठी थांबलेलं नव्हतं. एप्रिल-मे म्हणजे आंबे, लग्नं, आणि आगोट. मुंबईच्या गिरण्यांत गेलेले चाकरमानी शेफर्ड कंपनीच्या आगबोटीने यायचे, बोट बाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, पोरं सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. पोस्टाची मनीऑर्डर सुरू होऊन सहाच वर्षं झालेली, म्हणजे मुंबईहून पोस्टाने घरी पैसे येणं हीच तेव्हा नवी गोष्ट. नगर वाचनालय तर 1828 पासूनचं, बोटीने आलेली वर्तमानपत्रं तिथे वाचली जात असणार आणि त्यात आपल्याच टेकडीवरच्या पाहुण्याची बातमी सापडत असणार, हे मला फार विलक्षण वाटतं.

आणि मग जून. आगबोटी बंद. बंदर बंद. होड्या शाकारलेल्या, घरांना पावसाच्या बाजूने झापं बांधलेली, माळ्यावर तांदूळ, सुकी मासळी, लाकडं, शेणी. टपाल काय ते पायवाटेने माणसं आणतील तेव्हा. आता आपल्याला आगोट म्हणजे एक हौस झालीय, दुकान कोपऱ्यावर असतं, तरी आपण भरतो. तेव्हा आगोट चुकली तर श्रावणापर्यंत घरात हाल ठरलेले.

माझं मन नेहमी इथेच अडकतं. मंडाले ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातलं शहर, तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो जवळपास तेवढा आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो. पहिल्याच वर्षी त्या माणसांनी तो पाऊस बघितला. तीन-चार दिवस सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, अंथरूण दमट, आणि रात्रभर समुद्राची गाज, जी पावसाळ्यात वेगळीच असते, खोल, थेट छातीत वाजणारी. आम्हाला ती ऐकली की झोप लागते. नदीकाठच्या माणसाला काय वाटलं असेल? आणि तान्ही पोर त्या दमट हवेत. मी स्वतः पावसाळ्यात लेकीचे लंगोट चुलीवर दोरी बांधून वाळवलेत म्हणून हे माझ्या डोळ्यासमोर येतं.

नारळी पौर्णिमा त्या वर्षी ऑगस्टच्या मध्याला आली. कोळ्यांनी दर्याला नारळ दिला, होड्या पाण्यात गेल्या, मग घरोघरचे गणपती, दिवाळी ऑक्टोबरअखेर. फेब्रुवारी 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं म्हणून देशभर सरकारी समारंभ झाले, आणि ज्याचं राज्य त्याच राणीच्या नावाने खालसा केलं तो राजा इथे टेकडीवर बसलेला. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी शिमगा, आमच्या ग्रामदैवताची, बारा वाड्यांच्या भैरीची पालखी, ढोल. दोन उत्सवांपैकी गावाने कुठला मनापासून केला हे रत्नागिरीकराला विचारायची गरज नाही.

आणखी एक. त्याच दिवसांत आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक पुण्यात होते, तिशीच्या उंबरठ्यावर. पुढे 1908 ला सरकारने त्यांना सहा वर्षांसाठी कुठे नेऊन ठेवलं तर मंडालेला. रत्नागिरीचा माणूस मंडालेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, दोघेही कैदेत, एकाच वेळी. शाळेत हे कुणीतरी एका दमात सांगायला हवं होतं. मला तिशी ओलांडल्यावर कळलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

थिबा राजा डिसेंबर 1916 मध्ये इथेच गेला, इथेच त्याची समाधी आहे. पण माझं 1886 तिथे संपत नाही. ते संपतं पुढच्या वैशाखात, 25 एप्रिल 1887 ला, अक्षय्य तृतीयेच्या आसपास. त्या दिवशी सुपयालतला चौथी मुलगी झाली, रत्नागिरीत. या मुली पुढे मराठी बोलत मोठ्या झाल्या. त्या चौथीला ब्रह्मदेश फक्त ऐकून माहीत, आणि पाऊस आमचा. तिच्या पहिल्या आगोटीत ती महिन्याभराची होती.

मघाशी ढग आले म्हणून गच्चीत धावले. चारच थेंब पडले. साठं आत आणलीत, उद्या ऊन पडलं तर परत घालेन.