डेलावेअरचं १८०० सालचं मत शोधताना

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनला स्थायिक झाल्यावर पहिल्यांदा अध्यक्षीय मतदानाची वेळ आली, तेव्हा या चिमुकल्या राज्याने १८०० साली कुणाला कौल दिला होता हे पाहायची ओढ लागली. न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स या तीन काउंट्यांचे आकडे शोधायला बसले. पण लोकांची मतं मिळणार कुठून? त्या वर्षी निर्वाचक, म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी, विधिमंडळानेच नेमले होते आणि ही पद्धत पुढे १८२८ पर्यंत टिकली.

निर्वाचक तीन. तिघांनीही तेव्हाचे अध्यक्ष अॅडम्स आणि पिंकनी या फेडरलिस्ट पक्षाच्या जोडीला मतं दिली.

खरा शोध सुरू झाला तो यापुढे. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मतं देई, पण अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण हे वेगळं लिहायची सोय नव्हती. त्यामुळे थॉमस जेफरसन आणि एरन बर या विरोधी पक्षाच्या दोघांना ७३-७३ मतं पडली आणि निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. व्हर्जिनियाचे १९ सदस्य मिळून एक मत आणि डेलावेअरचा एकमेव सदस्य, फेडरलिस्ट जेम्स बेयर्ड, याचंही एकच!

त्या काळच्या काँग्रेसच्या कामकाजाची नोंद आणि नेत्यांचे पत्रव्यवहार इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मतदानाच्या फेऱ्यांमागून फेऱ्या वाचत गेले. सोळापैकी नऊ राज्यं हवी होती, जेफरसन आठवर अडकलेले. त्यांना रोखायला फेडरलिस्ट बरला मतं देत होते. बरवर विश्वास ठेवू नका, असं फेडरलिस्ट नेता हॅमिल्टनने बेयर्डला आधीच बजावलं होतं. तरी ३५ फेऱ्या डेलावेअर बरच्याच बाजूने राहिलं. १७ फेब्रुवारी १८०१ च्या छत्तिसाव्या फेरीत बेयर्डने कोरी चिठ्ठी टाकली. मेरीलँड आणि व्हरमाँटमधले फेडरलिस्टही बाजूला झाले आणि जेफरसन दहा राज्यांवर जिंकले.

दोनच दिवसांनी बेयर्डने अॅडम्सना पत्र लिहिलं. सर्वांत लहान राज्याकडे स्वतःचं रक्षण करायचं बळ नाही, त्याचं अस्तित्वच राज्यघटनेवर टिकून आहे, तेव्हा ती धोक्यात घालता येणार नाही, असा त्याचा आशय. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे १८०६ मध्ये त्याने शपथेवर सांगितलं की काही अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या राखण्याची हमी जेफरसनच्या बाजूने मिळाली होती. जेफरसननी ते साफ नाकारलं. विल्मिंग्टन बंदराचे जकात अधिकारी अॅलन मॅकलेन मात्र पदावर राहिले. हमीची बोलणी झाली असतील, असं मला वाटतं. तरीही पत्रातली राज्याविषयीची काळजी मला खोटी वाटत नाही.