सोलापूरच्या यंत्रमागांशेजारी चालणारा मायक्रोव्हॅक्स

जुना मिनिकॉम्प्युटर, म्हणजे मेनफ्रेमपेक्षा लहान पण एकाच वेळी अनेकांनी वापरायचा संगणक, काचेआड ठेवलेला नव्हे, तर पंखे फिरत असलेला आणि पडद्यावर उत्तरे देत असलेला पाहायचा असेल, तर सोलापूरला जाणे सार्थकी लागते. शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून थोड्या अंतरावर, एका निवृत्त इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ काकांनी आपल्या जुन्या माडीवर मायक्रोव्हॅक्स-२ चालू ठेवला आहे. एक तंत्रनिकेतनातले शिक्षक आणि त्यांचे काही माजी विद्यार्थी त्यांच्या मदतीला असतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८५ साली बाजारात आणलेले हे यंत्र या मंडळींनी पुण्यातील एका संस्थेच्या भंगार लिलावातून उचलले होते.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की रात्री सोलापुरात पोहोचता येते. मुक्काम स्टेशन परिसरात किंवा नवी पेठेत करावा, कारण तेथून पूर्व भागाकडे रिक्षा सहज मिळते. जायचे ते डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातच. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि काका तेव्हा यंत्र सुरूच करत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्या दिवसांत खोलीची सोय आधीच करून ठेवावी.

माडीवर चढताना शेजारच्या कारखान्यातील यंत्रमागांची खडखड ऐकू येते आणि या जागेची खरी अडचण तिथेच कळते. मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू खिडकीच्या फटींतून आत येतात आणि पंख्यांच्या जाळीवर बसतात. जाळी तुंबली की आतली हवा तापते. म्हणून खिडक्यांना दुहेरी कापड लावलेले आहे, जाळ्या ठरावीक वेळाने ब्रशने झाडल्या जातात आणि पादत्राणे जिन्यातच काढावी लागतात. पाहुण्यांनी हा नियम मनापासून पाळावा.

यंत्र घरी आल्यावर या मंडळींनी जो क्रम पाळला, तो मला या भेटीतला सर्वांत मोलाचा धडा वाटला. बराच काळ बंद असलेले यंत्र त्यांनी थेट प्लगला लावले नाही. आधी सगळी कार्डे बाहेर काढली, मुख्य वीजप्रवाहाच्या बाजूचे, तडे गेलेले जुने कागदी कपॅसिटर बदलले, मग पॉवर सप्लायच्या १२ व्होल्टच्या बाजूला मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब आणि ५ व्होल्टच्या बाजूला जाड रेझिस्टर भार म्हणून लावून, सिरीज बल्बच्या बोर्डावरून, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाईल अशा जोडणीतून, पहिल्यांदा वीज दिली. व्होल्टेज स्थिर असल्याची मल्टीमीटरवर खात्री झाल्यावरच कार्डे परत बसली. घड्याळ चालू ठेवणारी रिचार्जेबल बॅटरीही गळण्याआधीच काढून टाकली.

त्यानंतरचा प्रश्न डिस्कचा होता. यंत्रात ७१ मेगाबाइटची आरडी-५३ डिस्क होती आणि तिचा एक दोष हौशी लोकांत सर्वपरिचित आहे: माहिती वाचणाऱ्या हेडच्या दांड्याला अडवणारा रबराचा थांबा काळाने चिकट होतो, दांडा त्याला चिकटून बसतो आणि तबकड्या फिरत असूनही हेड जागचे हलत नाहीत. काकांनी ओल्या फडक्याने पुसून घेतलेल्या खोलीत झाकण उघडले, दांडा बोटाने हळूच सोडवला आणि थांब्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी बसवली. एवढ्यावर डिस्क चालू लागली, पण तिच्यावर त्यांनी लगेच काम सुरू केले नाही. एमएफएम एम्युलेटरच्या, म्हणजे अशा जुन्या डिस्कची प्रत काढणाऱ्या आणि तिची नक्कल करणाऱ्या बोर्डाने तिची संपूर्ण प्रत काढली, ती प्रत सिमएच या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवून पाहिली आणि मगच मूळ यंत्राकडे वळले. आता यंत्रात तोच बोर्ड डिस्कच्या जागी काम करतो. ‘‘यंत्र मेलं तर दुसरं शोधता येईल, डिस्कवरचं गेलं तर कुठून आणायचं?’’ असे काका म्हणाले, आणि मला ते पूर्णपणे पटले. सिम्युलेटर असताना खऱ्या यंत्राचा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे की प्रत सिम्युलेटरमुळे टिकते, पण पॉवर सप्लाय दुरुस्त करण्याची विद्या खऱ्या यंत्रावर हात चालवूनच टिकते.

यंत्र सुरू केल्यावर टर्मिनलवर चाचण्यांची उलटी मोजणी उमटते. ७, ६, ५, ४, ३ असे आकडे एकेक करून येतात, क्षणभर थांबून २, १, ० येतात आणि व्हीएमएस ही यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम स्मृतीत चढू लागते. ही प्रणाली १९७७ साली व्हॅक्स घराण्यातल्या पहिल्या संगणकाबरोबर, व्हॅक्स-११/७८० बरोबर, जाहीर झाली आणि तिचा वारसा ओपनव्हीएमएसच्या रूपाने आजही चालू आहे; २०२२ साली ती एक्स-८६ यंत्रांवरही, म्हणजे नेहमीच्या पीसींच्या जातीच्या प्रोसेसरवरही, आली. डिरेक्टरी ही आज्ञा दिल्यावर प्रत्येक फाइलच्या नावापुढे अर्धविराम आणि आवृत्तीचा क्रमांक दिसतो. एकच मजकूर तीनदा जतन केला तर तिन्ही आवृत्त्या शाबूत राहतात. दिवसभर फाइलींवर काम करणाऱ्या माणसाला ही सोय इतक्या आधीपासून होती हे पाहून आनंद होतो.

जाणाऱ्यांनी स्वतःचा लॅपटॉप जोडायचा असेल तर तयारीने जावे. मागच्या पट्टीवरचा टर्मिनल जोडायचा नऊ पिनांचा कन्सोल सॉकेट पीसीच्या सीरियल पोर्टसारखा दिसतो, पण त्याची पिनजोडणी वेगळी आहे, म्हणून तयार केबल चालत नाही. ती पिनांचा नकाशा पाहून स्वतः सोल्डर करून घ्यावी. यंत्र बंद करताना बटण दाबू नये, शटडाउनची कार्यपद्धती पूर्ण होऊ द्यावी. आणि कोणाला असे यंत्र लिलावात मिळत असेल, तर धातूच्या पेटीइतकेच लक्ष तिच्यासोबतच्या कागदांकडे द्यावे. व्हॅक्सवर व्हीएमएस घरगुती हौसेसाठी चालवण्याचे परवाने देणे थांबवत असल्याचे एचपीईने, म्हणजे डिजिटलचा वारसा पुढे आलेल्या ह्युलेट पॅकार्ड एंटरप्रायझने, २०२० साली जाहीर केले, त्यामुळे यंत्रासोबत आलेल्या मूळ परवान्याचा कागद आता फार मोलाचा झाला आहे. काकांनी तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून यंत्राच्या पेटीलाच बांधून ठेवला आहे.