बारा सेकंद, वीस सेकंद

"काका, ही आमची काकी नाही."

धुऊन काढलेली दहा बाय बाराची प्रिंट मी नुकतीच काचेवर चिकटवून पांढरा दिवा लावला होता. मला वाटलं, एन्लार्जरमध्ये, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडणाऱ्या यंत्रात, भलतीच निगेटिव्ह लागली. निगेटिव्ह धरणारं कॅरियर उघडून बघितलं, तर तीच होती. डोक्यावर उसाची मोळी, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, ट्रॉलीला लावलेल्या फळीवर एक पाय. चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, हनुवटीवर गोंदण.

"हीच की गं. दुसरी कुठली?"

"चेहरा तिचाच आहे. पण काकी एवढी गोरी नाही ओ."

फेब्रुवारीतला बुधवार होता. शुक्रवारी सकाळी दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात पाच पोरांचं मिळून प्रदर्शन लागायचं होतं. हिच्या वाट्याच्या भिंतीवर चौदा प्रिंट जायच्या होत्या आणि त्यातली ही पहिलीच.

मुलगी मूळची बीडकडची. आई-वडील, काका-काकी सगळे ऊसतोडीला येणारे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचं, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत फडात राबायचं आणि मार्च-एप्रिलात परतायचं. तिचं निम्मं बालपण फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलेलं. आता कोल्हापुरात चित्रकला शिकते आणि सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्याच फडावर कॅमेरा घेऊन जाते. कॅमेरा म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेला पेंटॅक्स के-१०००, ज्यात बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. एचपी-५ या कृष्णधवल फिल्मचा शंभर फुटी रोल मित्रमैत्रिणींत वर्गणी काढून आणायचा, अंधारात रिकाम्या डब्यांत भरायचा आणि वाटून घ्यायचा. शंभर फुटांत छत्तीसचे साधारण अठरा रोल होतात. प्रत्येक फ्रेमची नोंद तिच्या वहीत असते. वेळ, शटर, अ‍ॅपर्चर, आणि शेवटच्या रकान्यात माणसाचं नाव. हा रकाना मी आजवर दुसऱ्या कुणाच्या वहीत पाहिलेला नाही.

निगेटिव्ह तिनंच डेव्हलप केल्या होत्या आणि चांगल्या केल्या होत्या. चेहऱ्याजवळ जाऊन मीटर घेतलेलं, त्यामुळे सावलीतला धागान् धागा फिल्मवर उतरलेला. अशी निगेटिव्ह हातात आली की प्रिंटरचं निम्मं काम झालेलं असतं.

मी टेस्ट स्ट्रिप काढली होती. कागदावर उजेड जितका जास्त वेळ, तितकी प्रिंट गडद. आठ, बारा, सोळा, वीस सेकंद. कागदाच्या पट्टीवर एकाच चेहऱ्याचे चार पट्टे, उजळ ते गडद. त्यातला बारा सेकंदांचा मी क्षणाचाही विचार न करता धरला. का धरला, ते तिनं विचारेपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं.

१९८४ साली मी स्टुडिओत शिकायला लागलो, तेव्हा पहिली दोन वर्षं मला टचिंगच्या टेबलावर बसवलं होतं. उतरतं टेबल, मध्ये दुधी काच, खाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावरून काचेतून वर यायचा. निगेटिव्हच्या इमल्शनच्या बाजूला कापसानं टचिंगचं औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग कडक शिशाची पेन्सिल काचकागदावर घासून सुईसारखी करायची आणि चेहऱ्यावर बारीक बारीक ठिपके, बारीक स्वल्पविराम भरत जायचं. निगेटिव्हवर जिथं शिसं चढतं, तिथं प्रिंटमध्ये उजेड येतो. गालाखालचा खड्डा, डोळ्याखालचं काळं, कपाळावरची आठी सगळं भरून निघतं. आणि सगळ्यात जास्त काम कशाचं असायचं, तर मुलगी दाखवायच्या फोटोचं. बाप पाकीट उघडताना हमखास हळू आवाजात सांगायचा, "जरा उजळ काढा, बरं का." त्याला वेगळं सांगायची गरजच नव्हती. रंगीत काम आलं, तेव्हा कोडॅकच्या ज्या कार्डावरून प्रिंटचे रंग जुळवायचे, त्यावरची बाईसुद्धा गोरीच. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर, मग आमच्या माणसांचं काय व्हायचं ते होवो.

म्हणजे बारा सेकंद हा माझा हात नव्हता, माझी सवय होती. आणि त्या सवयीला मी चाळीस वर्षं नजर म्हणत आलो.

तरीही मी तिच्याशी वाद घातला. वीस सेकंदांचा पट्टा दाखवून म्हटलं, "हा ओला आहे म्हणून असा दिसतोय. फायबर पेपर आहे, सुकल्यावर आणखी उतरतो. उद्या भिंतीवर नुसता काळा डाग दिसेल." यात खोटं काही नव्हतं, फायबरचा कागद सुकताना गडद होतोच.

ती म्हणाली, "मग सुकवून बघू."

हेअर ड्रायरनं पट्टी सुकवली. सुकेपर्यंत ती पंख्याकडे बघत होती. मग एकदम बोलायला लागली. काकीचं लग्न ठरलं, तेव्हा तालुक्याला नेऊन तिचा फोटो काढला होता. तो फोटो अजून घरात भिंतीवर आहे. त्यात काकी पिठासारखी गोरी. मुलाकडच्यांनी फोटोवरच पसंती कळवली, उचल घ्यायची घाई होती, जोडपं झालं की एक कोयता होतो, फडात मोजणी जोडप्यावरच. लग्नात काकीला पाहिलं आणि तिथून सुरू झालं. "दाखवली एक, दिली एक." सासू जाईपर्यंत हे वाक्य काकीनं ऐकलं. पाचटानं हात फाटले तरी बोलणार नाही अशी बाई, पण त्या फोटोखालून जाताना वर बघत नाही.

तो फोटो माझ्या हातचा नव्हता. पण तसे शेकडो माझ्या हातचे आहेत. त्यांतली एकेक पोर कुठल्या घरात गेली आणि तिथं तिनं काय ऐकलं, याचा विचार मी त्या बुधवारी पहिल्यांदा केला. मी तिला काहीच म्हणालो नाही. काय म्हणणार?

पट्टी सुकली होती. वीस सेकंदांत काकी काळी होती, पण डाग नव्हती. गालाच्या हाडावर घामाची एक ओली रेघ होती, कानशिलावर मातीचा करडा, मानेशी खोल सावली. काळ्यातच चार-पाच प्रकारचे काळे होते. फक्त गोंदण बुडालं होतं. बारा सेकंदांत हनुवटीवर ते तीन ठिपके स्पष्ट दिसत होते, इथं कातडीत मिसळून गेले.

"गोंदण पाहिजे," ती म्हणाली. "ते तिच्या आईनं बसून गोंदवून घेतलंय."

हनुवटीवर उजेड अडवून ती तेवढी फिकी करणं सोपं होतं, तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून आम्ही ते रोज करतो. पण ते पुन्हा उजळणंच झालं असतं. मी एन्लार्जरमधला कॉन्ट्रास्टचा दोन नंबरचा फिल्टर काढला आणि तीन लावला. मग साडेतीन. कॉन्ट्रास्ट वाढला की जवळजवळचे दोन काळे एकमेकांपासून सुटे होतात. वेळ वीसच ठेवली. मोळीची वरची पानं फटफटीत झाली, म्हणून हातांच्या ओंजळीतून तेवढ्याच भागाला आणखी सात सेकंद उजेड दिला. लाल दिव्यात कागद डेव्हलपरमध्ये हलवत आम्ही दोघं वाकून बघत होतो. आधी डोळे आले, मग शर्टाची बटणं आणि सगळ्यात शेवटी, अगदी दोन मिनिटं होत आल्यावर, हनुवटीवर तीन ठिपके.

"आली," ती म्हणाली.

मग उरलेल्या तेरा. रात्री सव्वादोनला शेवटची प्रिंट पाण्यातून निघाली. बारा सेकंदांची ती पहिली प्रिंट मी फाडली नाही, टचिंगच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. शिकायला येणाऱ्या पोरांना दोन्ही शेजारी ठेवून दाखवतो.

शुक्रवारी प्रदर्शनाला गर्दी बरी होती. माझं जुनं एक गिऱ्हाईक भेटलं, त्यांच्या दोन्ही मुलींचे फोटो मीच काढले होते. काकीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फोटो झकास आहे, पण जरा काळा आलाय की हो."

"बाई तेवढ्याच काळ्या आहेत," मी म्हटलं. ते पुन्हा फोटोकडे वळले.

काकी काही येऊ शकल्या नाहीत, गाळप जोरात होतं आणि एक दिवस खाडा म्हणजे मुकादमाच्या वहीत तेवढी तोड कमी. मुलीनं पाच बाय सातची एक प्रिंट फडावर नेऊन दिली. काकीनं हात पदराला पुसून ती कडेनं धरली, बराच वेळ पाहिली आणि कोपीत धूर लागेल म्हणून पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवली. गावी गेल्यावर लावायची म्हणाली, त्या जुन्या फोटोशेजारी. जुना काढायचा नाही.

मुलगी फ्रेमचं विचारायला आली होती. मी म्हटलं, फ्रेम माझ्याकडून. फक्त जुन्या फोटोचं माप फोनवर विचारून घे, दोन्ही एकाच उंचीच्या झाल्या पाहिजेत.