अबिदोस : हिरव्या देवाच्या गावाला

इजिप्तमध्ये लक्सरला आलेली बहुतेक मंडळी कर्नाक आणि व्हॅली ऑफ किंग्ज उरकून परत फिरतात, आम्ही मात्र एक अख्खा दिवस अबिदोससाठी ठेवला होता. अंतर साधारण १६० किलोमीटर, पण चेकपोस्ट आणि स्पीडब्रेकर इतके की तीन तास गेले. दोन्ही बाजूंना नुसता ऊस, सौ. म्हणाली एवढ्या लांब येऊन शेवटी सांगलीच का!

अबिदोस म्हणजे ओसायरिस या इजिप्शियन देवाचं गाव. हा आधी पृथ्वीवरचा राजा होता, लोकांना शेती शिकवली, कायदे दिले, सगळं छान चाललेलं आणि ते सख्ख्या भावाला, सेथला, बघवेना. त्याने बरोबर ओसायरिसच्या मापाची सुंदर पेटी करून घेतली, मेजवानीत म्हणाला ज्याला फिट बसेल त्याची, हा भोळा आत जाऊन झोपला आणि झाकण बंद! पुढे शरीराचे १४ तुकडे, आयसिसने म्हणजे बायकोने ते शोधून गोळा केले आणि हा पाताळाचा राजा झाला. आमच्या डोक्यात लगेच बळीराजा आला, येणारच. गंमत म्हणजे ही सलग गोष्ट आपल्याला प्लुटार्क या ग्रीक लेखकामुळे माहीत आहे, इजिप्शियन लोक स्वतः खुनाचं चित्र काढायचं टाळायचे, तसलं अशुभ भिंतीवर कोरलं की ते कायमचं खरं होतं अशी भीती.

आता देऊळ. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी पहिल्या सेती राजाने बांधलेलं, आत ओळीने सात गाभारे, त्यातला एक ओसायरिसचा आणि एक चक्क सेतीचा स्वतःचा. सगळे टूरिस्ट छताजवळच्या त्या 'हेलिकॉप्टर'चे फोटो काढत होते (हेलिकॉप्टर वगैरे काही नाही हो, जुनी अक्षरं गिलाव्याने बुजवून वर नवीन कोरली, गिलावा पडला आणि दोन्ही एकात एक दिसायला लागली) किंवा ७६ राजांच्या नावांच्या भिंतीसमोर उभे होते. मी मात्र सेतीच्याच नावाशी अडकलो, कारण सेती म्हणजे 'सेथचा'! ज्याने खून केला त्याचं नाव लावणारा राजा, ज्याचा खून झाला त्याचं देऊळ बांधतोय. एरवी त्याच्या नावात सेथचा तो लांब नाकाचा, उभ्या चौकोनी कानांचा प्राणी असतो, इथे त्या जागी खुद्द ओसायरिस बसवलाय. मला तर हे बघून हसूच आलं, पाहुण्यांकडे जाताना माणूस आपला वादग्रस्त टीशर्ट बदलतो तसं.

आतल्या एका लहान खोलीत ओसायरिस बाजेवर आडवा आहे आणि आयसिस घार होऊन त्याच्यावर उतरतेय, त्यातून होरसचा जन्म. खोलीत अंधार, राखणदाराने मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे घारीचे पंख उठून दिसले. मग हात पुढे, "बक्षीस". शब्द तोच आपला, दिले ५० पौंड.

ओसायरिसचा रंग बऱ्याचदा हिरवा असतो, धान्याच्या कोंबाचा. त्याच्या आकाराच्या लाकडी चौकटीत माती भरून धान्य पेरायचे आणि ते उगवलं की देव उठला, तुतनखामुन राजाच्या थडग्यातही अशी चौकट सापडली. सौ. म्हणाली, "म्हणजे घटच की!" माझ्या नाही आलं हे लक्षात, तिच्या आलं.

देवळामागे खाली ओसिरिऑन आहे, म्हणजे ओसायरिसचं प्रतीकात्मक थडगं, ग्रॅनाइटचे अवाढव्य खांब आणि मधे चौथरा, भोवती पाणी. भूजल वर आलंय, त्यामुळे पाण्यावर शेवाळ आणि कडेला लव्हाळं. आम्ही वरूनच बघितलं. तिथून राखणदाराने वाळवंटाकडे बोट दाखवलं, तिकडे उम्म अल-काब, म्हणजे 'मडक्यांची आई'. तिथलं, इजिप्तच्या पहिल्या राजघराण्यातल्या जेर राजाचं थडगं पुढच्या लोकांनी ओसायरिसचंच मानलं आणि शेकडो वर्षं यात्रेकरू येऊन मडकी वाहून गेले, त्यांच्या खापऱ्यांचा खच अजून तिथे आहे. जायला मिळालं नाही, ड्रायव्हर तोपर्यंत हॉर्न वाजवायला लागला होता.