विसर्ग

बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

रविवारच्या कार्यक्रमाच्या मानपत्राचे प्रूफ संध्याकाळपासून टेबलावर पडून आहे आणि मला ते छपाईला सोडवत नाही. गेल्या चाळीस वर्षांत या टेबलावरून इतकी मानपत्रे गेली की त्यांतला मजकूर मजकूर म्हणून वाचण्याची सवयच मोडली आहे. काना-मात्रा, वेलांटी, नावाची आद्याक्षरे आणि तारीख एवढे पाहायचे, कोपऱ्यात सही करायची आणि कागद आत पाठवायचा. आजही तसेच चालले होते. दुसऱ्या परिच्छेदात ‘निस्वार्थ समाजसेवा’ असे दिसले, म्हणून ‘नि’च्या पुढे लाल पेनाने दोन टिंबे दिली, समासात खूण केली, आणि मग ध्यानात आले की हा विसर्ग मी माझ्याच कौतुकात भरतो आहे.

मंडळाने माझा सत्कार ठरवला हे मला निमंत्रणपत्रिका छापायला आली तेव्हा कळले. मंडळाचे सगळे काम आमच्याकडेच असते आणि त्याचे बिल बहुतेक वेळा ‘बघू नंतर’ या सदरात जमा होते, तेव्हा मानपत्रही इथेच येणार हे उघड होते. सत्कारमूर्तीनेच आपले मानपत्र तपासावे, छापावे, चौकट करून सभागृहात पोचवावे आणि मग मान खाली घालून ते दुसऱ्याच्या हातून संकोचाने स्वीकारावे, हे नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आमच्या सांगलीलाच शोभते! तरीही संध्याकाळी मला खरोखरच वाईट वाटले. दहा मिनिटे येऊन बसून कुणी विचारले असते की जतहून तू इथे आलास तो कसा, तर मी सगळे सांगितले असते. कुणाला सवड झाली नाही.

पण अडलो आहे तो त्या एका शब्दापाशीच.

रक्तदान शिबिरांची पत्रके मी कधी पैसे घेऊन छापली नाहीत, हे खरे आहे. मात्र प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत प्रेसचे नाव आणि फोन नंबर असे, आणि मार्केट यार्डातल्या हळदीच्या पाकिटांची लेबले, तासगावच्या बेदाण्याचे छापील बॉक्स ही कामे त्या बारीक अक्षरांवरूनच चालत आली. शाळांना दरवर्षी वह्या जातात, पण त्या वह्यांची कल्पना मला सुचली ती कटिंग मशीनखाली साचलेल्या कागदाच्या पट्ट्यांना रद्दीवाल्याने सांगितलेला भाव ऐकून. रागाने मी त्या पट्ट्या शिवून घेतल्या. पुढे जतकडच्या मुलांच्या हातांत त्या वह्या पाहिल्या तेव्हा १९७२ सालचा दुष्काळ, आई खडी फोडायला जायची तो रस्ता आणि सुकडीची रांग आठवून गळा दाटून आला, हेही खरे आहे. पण तो गळा दाटून येण्यासाठीच मी दरवर्षी स्वतः जातो की काय, अशी शंका आज प्रथमच आली.

आमच्या गावात विसर्ग हा शब्द व्याकरणापेक्षा पावसाळ्यात अधिक कानावर पडतो. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग चालू आहे, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आले, ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ च्या पुराची रेघ मी दुकानाच्या भिंतीवर जपून ठेवली होती आणि तिच्या वर हातभर अंतरावर फळ्या ठोकून कागदाची रिमे रचली होती. पाणी त्या फळ्यांवरूनही गेले, रिमे फुगली आणि त्यांनी कपाटांची दारे फोडली. ‘महापुरात स्वतःचे नुकसान विसरून आपण पूरग्रस्तांच्या मुखी घास घातला’ असे मानपत्रात आहे. विसरून? विश्रामबागेच्या हॉलमध्ये पहाटे पाचपासून रात्रीपर्यंत मी वाढप करीत उभा होतो, कारण घरी डोळे मिटले की पाण्याखालचे ऑफसेट मशीन दिसायचे. हातात भाताचे पातेले असेपर्यंत ते दिसत नसे. त्या लोकांनी जेवून माझ्यावर उपकार केले, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. पाणी उतरल्यावर ऑफसेटचे पॅनेल भंगारात गेले. अण्णांचे जुने ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, मात्र चिखल धुऊन, तेल घालून पायडल मारताच फिरू लागले.

‘स्वकष्टाने उभारलेला व्यवसाय’ या शब्दांवर मी मुद्दामच थांबलो नाही. ट्रेडल अण्णांनी दिले, हप्त्यावर, एकाही कागदावर सही न घेता. लग्नसराईत ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पत्रिकांना घड्या घालीत बसायची. थोरल्याने कॉलेज सोडून केसच्या कप्प्यांत खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरे, टाकण्यात जी दोन वर्षे घालवली, ती... असो.

साडेनऊला जेवताना धाकट्याने हसत सांगितले की मंडळाने मजकूर पाठवलेलाच नव्हता. ‘मागच्यासारखेच करा’ एवढाच निरोप होता, म्हणून ऑपरेटरने गेल्या वर्षीची डॉक्टरांची फाईल उघडून नाव बदलले आणि पुराचे एक वाक्य आपल्या पदरचे घातले. हात धुऊन मी तिसरा परिच्छेद नीट वाचला. ‘आपल्या हातगुणाने असंख्य रुग्णांना दिलासा मिळाला.’ त्याच्या पुढे ‘विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या’ असेही आहे, जे डॉक्टरांचेही नव्हे. ते त्याआधीच्या हेडमास्तरांचे असणार. म्हणजे ज्या शब्दाने माझी संध्याकाळ खाल्ली, तो निदान तिघांना तरी लावून झाला आहे, आणि त्यातली विसर्गाची चूक माझ्याच सहीने डॉक्टरांच्या दिवाणखान्यात काचेआड लटकते आहे.

हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, “राहू द्या की ओ रुग्णांचं. तुमची उधारी बुडवून कितीतरी जण बरे झाल्यात.”

मग मात्र मी पोटभर हसलो. नंतर पुन्हा पेन घेऊन बसलो. खिळ्यांच्या काळी ओळीतून एक शब्द काढला की ओळ सैल पडायची, स्टिकमध्ये, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीत, स्पेस भरून ती कसून घ्यावी लागायची, नाहीतर मशीनवर खिळे उडत. म्हणून मालक लोक शब्द शक्यतो काढू देत नसत. आता संगणक ओळ आपोआप सावरतो, तेव्हा तीही सबब उरलेली नाही. ‘निःस्वार्थ’ खोडून ‘यथाशक्ती’ लिहून पाहिले, तर ते टाळ्या मागणारे नम्रपण वाटले. ‘नियमित’ लिहिले, तर गवळ्याला दिलेल्या दाखल्यासारखे दिसले. नुसतेच ‘समाजसेवा’ ठेवले, तर ओळ बोडकी वाटते, आणि मंडळाला वाटेल की प्रेसवाल्याने शब्द गाळला.

शेवटी रुग्ण काढले, विद्यार्थी काढले आणि त्या जागी अण्णांच्या ट्रेडलची एक ओळ घातली. मंडळात ती कुणाला कळणार नाही. ‘निःस्वार्थ’ अजून तिथेच आहे, विसर्गासह. सकाळी नऊला ऑपरेटर ‘काका, प्रिंट मारू का?’ म्हणून विचारील, तोपर्यंत वेळ आहे. डॉक्टरांची फाईलही दुरुस्त करून त्यांना नवी प्रत नेऊन द्यावी असे मनात आहे. ३०० जीएसएमच्या आर्ट पेपरची दोनच शीटे शिल्लक आहेत, ती आम्हा दोघांत पुरतील. बिलाचे, अर्थात, बघू नंतर.